कपाटातला उतारा

धाकट्याला व्यसनमुक्ती केंद्रातून आणायला थोरला येणार नाही, हे वहिनीने आधीच ओळखलं होतं. त्याने तोंडाने नाही म्हटलं नव्हतं. "कुंपणाचे दगडी खांब द्यायचेत, ते कोण घडवणार?" एवढं विचारून तो छिन्नीला धार काढत बसला होता. नवऱ्याचं 'नाही' असंच असायचं, प्रश्नाच्या रूपात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ते ऐकत आली होती. तेव्हा तिचा हा दीर एवढासा होता. आई नव्हती, त्यामुळे नाक पुसून घ्यायलाही तिच्याकडेच यायचा. दिवसभर "वहिनी, वहिनी" करत मागे फिरायचा. त्याचं ऐकून ऐकून अर्धं गाव तिला वहिनीच म्हणायला लागलं.

ती एकटीच बसने गेली. केंद्राच्या फाटकापाशी धाकटा पिशवी घेऊन उभाच होता. गाल भरले होते. केस बारीक कापले होते, त्यामुळे कान मोठे दिसत होते, लहानपणी दिसायचे तसे.

"अंगाने सुधारलास रे."

"खा, झोप, भाषण ऐक. दुसरं काम काय होतं?"

आतून एक बाई आल्या. त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आमचं काम झालं. पुढचं आता तुमच्या हाती." वहिनीने मान डोलावली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, हाती म्हणजे नेमकं काय करायचं ते त्या बाईंनी सांगितलंच नव्हतं. उतरून विचारावं तर बस सुटली होती.

ऊन मी म्हणत होतं. खाणीच्या वळणावर रस्त्याकडेची झाडं पांढरी दिसू लागली, खडीच्या धुळीने माखलेली. पावसाच्या आत खाणीतून निघेल तेवढा दगड काढायचा होता. एकदा खड्ड्यात पाणी भरलं की काम बंद, म्हणून सुरुंगामागून सुरुंग उडत होते. धाकट्याने खिडकीची काच ओढून घेतली आणि डोळे मिटले. झोपला नव्हता. उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या कोपराची आतली बाजू चोळत होता.

थांब्यावर चहावाल्याने वहिनीला नेहमीसारखी हाक मारली. मग मागून कोण उतरतंय ते त्याने पाहिलं आणि फळीवरचा गल्ल्याचा डबा उचलून पायाशी ठेवला. तोंडाने म्हणाला, "या, या, बसा. दोन चहा?"

"नको," धाकटा म्हणाला. "चल वहिनी."

घरी थोरला अंगणातल्या छपराखाली खांबाला टाकी लावत होता. त्याने हातोडा थांबवला नाही.

"आलास?"

"आलो."

"हातपाय धू."

झालं. एवढ्यावर दोघा भावांची भेट आटोपली. पण वहिनीने पाणी तापत ठेवता ठेवता पाहिलं, थोरल्याचा हातोडा छिन्नीवरून घसरून अंगठ्यावर बसला होता. तो अंगठा तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता. इतक्या वर्षांत त्याचा घाव चुकलेला तिने पाहिला नव्हता.

*

धाकट्याचं सगळं पाठीपासून सुरू झालं. खाणीत ड्रिलमशीनसकट घसरला आणि कंबर धरून बसला. मुकादमाने खिशातून कॅप्सूल काढून दिली. "घे. दुखणं कुठल्या कुठे पळेल." पळालं. संध्याकाळी परत आलं. अर्धी खाण त्या कॅप्सुलांवर चालायची. मुकादम त्यांना 'चारा' म्हणायचा, आणि पोरं हसायची. पुढे एक पुरेना, मग दोन, मग कोणीतरी ती पाण्यात विरघळवून सुईने घ्यायला शिकवलं. घरातली भांडी गेली, थोरल्याची चांगली हत्यारं गेली, तेव्हा घराला कळलं.

गावाला कळलं ते सुताराचा मुलगा गेला तेव्हा. भर दुपारी तो पडवीत घोरत पडला होता. आईला वाटलं, खाणीतून दमून आलाय, झोपू दे. त्याच्या अंगावर चादर घालून ती कामाला लागली. चहाला उठवायला गेली तेव्हा घोरणं थांबलेलं होतं.

त्यानंतर सुतारकाकाच दारोदार फिरले. तोंडावरची माशी न उडवणारा माणूस, पण लोकांच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणू लागला, "माझं झालं ते झालं. तुमच्या घरात कोण आहे ते मला ठाऊक आहे. या." काहींनी दार लावून घेतलं. काही आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात दर आठवड्याला मंडळी जमू लागली: सुतारकाका, चार-सहा आया, वहिनी, आणि दवाखान्याची नर्सबाई. औषधाच्या दुकानात सगळे मिळून गेले आणि चिठ्ठीशिवाय कॅप्सुला विकायच्या नाहीत असं दुकानदाराकडून वदवून घेतलं. त्याने हात जोडून कबूल केलं. दुकानाच्या पुढच्या दाराने विक्री बंद झाली आणि मागच्या दाराने माल थेट खाणीवर जाऊ लागला.

नर्सबाईने एक उशी आणून बायकांना शिकवलं. "घोरणं वेगळं आणि ही घरघर वेगळी. हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. उठला नाही, ओठ-नखं निळी दिसली, तर मान मागे करा, नाक दाबा, तोंडाने श्वास भरा. आणि हा फवारा नाकात." तिने मोठ्या इस्पितळात खेटे घालून दोन फवारे मिळवले होते. "हा त्या औषधावरचा उतारा. गेलेला श्वास परत आणतो, पण वेळेत मारला तर. आणि केंद्रातून परत आलेल्या पोरांना जास्त जपा. शरीराची सवय सुटलेली असते, पण हात जुनंच माप घेतो."

वहिनीने तिथेच विचारलं, "मग एक माझ्याकडे राहू दे. धाकटा येतोय."

पण त्या दिवशी गावचे सरपंच मुद्दाम आले होते. फवारे आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "वहिनी, तुमची भावना समजते. पण ही गावाची वस्तू आहे. पंचायतीच्या कपाटात राहील. घरोघर वाटली, तर पोरांना वाटेल, घ्या खुशाल, उतारा आहेच."

"साहेब, आग विझवायला घरात पाणी असतं म्हणून कोणी घर पेटवून घेतं का?" वहिनी म्हणाली.

"तुमचा दीर आहे म्हणून तुम्ही बोलताय. मला सगळ्या गावाचं बघावं लागतं."

वहिनीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नर्सबाई बोलायला गेली, पण तिची बदली सरपंचांच्या एका फोनवर होती. तिने उशीचा अभ्रा नीट केला. फवारे कपाटात गेले, किल्ली सरपंचांच्या जुडग्यात गेली.

*

धाकट्याला काम हवं होतं. रिकामा बसला की त्याचे पाय हलायचे, गुडघा शिवणयंत्रासारखा खालीवर. पंचायतीचं नळाच्या चरांचं काम निघालं होतं. वहिनी विचारून आली. "माणसं भरली," असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याच चरांवर शेजारच्या गावची दोन माणसं खणताना दिसली.

शेवटी सुतारकाकांनीच त्याला बोलावलं. "दारं-खिडक्यांचं काम आहे. घासायला, रंधा मारायला ये. बाकी मी बघतो."

पहिले काही दिवस बरे गेले. संध्याकाळी धाकटा घरी यायचा तेव्हा केसांत भुसा असायचा आणि अंगाला ओल्या लाकडाचा वास. जेवताना बोलायचाही. "काका फळीला नाव देतात, वहिनी. म्हणतात, ही सासू आहे, वळत नाही." थोरलासुद्धा ताटात बघून हसला.

मग एका दुपारी वहिनी भाकर घेऊन गेली, तेव्हा धाकटा चौकटीवर वाकून रंधा मारत होता. लांबच लांब साल निघत होती. काकू आतून आली. मुलगा गेल्यापासून ती कोणाशी फारशी बोलत नसे. ती दारात उभी राहिली, त्याचे हात बघत राहिली. मग पुढे आली आणि रंध्यावर हात ठेवला. धाकटा थांबला. तिने त्याच्या बोटांतून तो रंधा एकेक बोट उचलून सोडवून घेतला, पदार्थ सांडू नये म्हणून वाटी धरावी तसा दोन्ही हातांत धरला आणि आत घेऊन गेली.

सुतारकाका म्हणाले, "त्याचा होता तो. माझ्या ध्यानात राहिलं नाही. थांब, दुसरा देतो."

"राहू दे काका," धाकटा म्हणाला. त्याने कपडे झटकले. दुसऱ्या दिवशी तो गेलाच नाही. सुतारकाका बोलवायला आले, तर मागच्या दाराने बाहेर पडला.

"काकूची काय चूक?" वहिनी म्हणाली.

"चूक कुठे म्हणतोय मी? तिला मी जिवंत दिसतो, वहिनी. ते तिला बघवत नाही. मलाही बघवत नाही."

मग तो थोरल्याच्या हाताखाली बसला. खांब उचलायचे, फिरवायचे, धरायचे. दगडाचं काम लाकडासारखं नसतं, दगड कंबर मागतो. थोरला शिकवायचा कमी आणि ओरडायचा जास्त. "नीट धर. मन कुठे आहे?" धाकटा दात आवळून धरायचा. तिसऱ्या प्रहरी त्याचा शर्ट भिजून पाठीला चिकटलेला असायचा आणि उठताना तो भिंतीला हात लावून उठायचा.

"पाठ दुखते का रे?" वहिनीने एकदा विचारलंच.

"नाही."

"खरं सांग."

त्याने मान वर केली. डोळे लाल होते, धुळीने असतील. "दुखते म्हटलं की तुम्ही दोघं माझे खिसे बघता. संडासात उशीर झाला तर दारावर थाप. झोपलो तर तू येऊन नाकाशी हात धरतेस, मला कळतं. दुखलं तरी बोलायची चोरी आहे या घरात."

वहिनी खिसे बघत होती, खरंच. नाकाशी हातही धरत होती. नर्सबाईने त्याला शहरातल्या इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. तिथे जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळते, ओढ कमी करणारी. थोरल्याचं म्हणणं पडलं, "गोळी सोडवायला पुन्हा गोळीच? मग केंद्रात काय हवापालटाला गेला होता?" एकदा दोघी निघाल्याही, वहिनी आणि नर्सबाई, नुसती चौकशी करायला. तर डॉक्टर रजेवर होते. ते कधी येतील हे खिडकीवरच्या माणसाला माहीत नव्हतं, आणि ते विचारल्याचा त्याला राग आला.

या सगळ्यात मुकादम मात्र वेळेवर आला. मोटारसायकल अंगणाबाहेर लावून, छपराच्या खांबाला टेकून उभा राहिला. "काय धाकटे, तब्येत ठीक? खाणीत हात कमी पडतायत. पावसाच्या आत उरकायचंय. इकडे भावाच्या शिव्या फुकट खातोस, तिकडे निदान मजुरी मिळेल."

"इथून निघ," थोरला म्हणाला. हातोडा हातात होता.

"निघतो की. मी काय जबरदस्ती करतोय? साऱ्या गावात काम विचारून आलात ना? कोणी दिलं?"

तो गेला. पण तो खोटं बोलला नव्हता. त्याच आठवड्यात धाकटा खाणीवर जाऊ लागला. वहिनीने अडवलं, शपथ घातली, शेवटी दारात आडवी उभी राहिली. त्याने तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, लहान मुलाला करावं तसं.

*

तो प्रकार घडला तेव्हा नुकतीच दुपार कलायला लागली होती. धाकटा खाणीवरून लवकर परतला होता. "डोकं दुखतंय," म्हणून छपरामागच्या खोलीत गेला. थोरला खांब मोजत होता, वहिनी कपडे वाळत घालत होती. वाऱ्याचं नाव नव्हतं. सगळं इतकं स्तब्ध होतं की तिला तो आवाज ऐकू आला. घरघर. तळाशी थोडंसंच पाणी राहिलेल्या माठातून हवा जावी तशी, मध्ये थांबून, परत येणारी.

हातातला ओला शर्ट तिने टाकला.

तो भिंतीशी बसल्या बसल्या कलंडला होता. हनुवटी छातीला लागलेली. ओठ शाई प्यायल्यासारखे. सुई जवळच पडली होती. तिने हाक मारली, गालावर मारलं, छातीच्या हाडावर मूठ चोळली, कातडं सोलवटेल इतकी. तो हलला नाही. घरघर थांबली.

"अहो!"

थोरला दारात आला आणि तिथेच थिजला. हातातला मोजायचा दोरा लोंबत राहिला.

"नुसते बघता काय? त्याला आडवा करा. मान मागे. नाक दाबा आणि तोंडाने श्वास भरा. छाती वर आली पाहिजे. थांबू नका, मी येईपर्यंत थांबायचं नाही!"

थोरला गुडघ्यांवर आला. केंद्रातून परतल्यापासून ज्याच्याशी तो धड बोलला नव्हता, त्या भावाच्या तोंडावर त्याने तोंड ठेवलं. वहिनी धावत सुटली.

वाटेत तिने सुतारकाकांच्या दारात नुसतं ओरडून सांगितलं, "धाकटा!" आणि पुढे पळाली. पायातली एक चप्पल कुठे गेली ते तिला नंतरही आठवलं नाही. रस्ता तापलेला होता.

पंचायतीच्या कचेरीत शिपाई टेबलावर डोकं ठेवून पेंगत होता.

"किल्ली दे. फवारा काढ. माझा दीर पडलाय."

शिपाई उठला. घाबरला. "किल्ली साहेबांकडे. साहेब शहरात गेलेत, मिटिंगला."

"दुसरी किल्ली?"

"दुसरी नसते वहिनी. थांबा, फोन लावतो." त्याने फोन लावला. कानाला धरून उभा राहिला. "उचलत नाहीयेत. मिटिंगमध्ये असतील. बसा ना."

बसा ना! वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात चर खणायची हत्यारं ठेवली होती: फावडी, घमेली, पहारी. तिने एक पहार उचलली. इतकी वर्षं पाथरवटाच्या घरात राहिलेली बाई, वजन कुठे धरायचं ते तिच्या हातांना सांगावं लागलं नाही. पहारीचं टोक कपाटाच्या फटीत घातलं आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं.

"अहो वहिनी! सरकारी आहे ते! माझी नोकरी जाईल!"

पत्रा किंचाळला, वाकला. तिसऱ्या हिसक्याला कुलूप तुटलं आणि वाकलेल्या पत्र्याची कड तिच्या मनगटावरून गेली. आत वरच्या कप्प्यात नव्हते. मधल्यात नव्हते. खालच्या कप्प्यात खेळाच्या स्पर्धांचे कप रांगेने मांडले होते, ते तिने हाताने लोटून दिले. फवारे त्यांच्या मागे होते, अगदी भिंतीकडे, हार-तुऱ्यांच्या पिशवीखाली.

ती परतली तेव्हा थोरला घामाने निथळत भिंतीला टेकून धापा टाकत होता आणि धाकट्याच्या तोंडाशी सुतारकाका वाकले होते. ते श्वास भरत होते, मान वर करून छाती उठते का बघत होते, पुन्हा भरत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांना पुसायला वेळ नव्हता. दारात काकू उभी होती, चौकटीला धरून.

पहिला फवारा नाकात मारला. काही नाही. काकांनी श्वास चालू ठेवला. वहिनी त्याच्या नखांकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता संपलं. मग तिने दुसरा मारला, दुसऱ्या नाकपुडीत.

धाकट्याने एकदम हवा ओढली. बुडणारा माणूस वर येऊन ओढतो तशी. खोकला, कुशीवर वळला, ओकला. डोळे उघडले. सगळं अंग थरथरायला लागलं.

"काय केलंत?" तो म्हणाला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? सोडा मला. आई गं... कोणी सांगितलं होतं?" मग अशा शिव्या दिल्या की वहिनीने त्याच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. तिला, थोरल्याला, काकांना. नर्सबाईने सांगितलं होतं, की उतारा लागला की सगळं अंग फाटतं, पोरं चिडतात, मनावर घ्यायचं नाही. सांगणं सोपं. वहिनी त्याचं डोकं मांडीवर धरून बसली आणि तिच्या मनगटातलं रक्त त्याच्या बारीक केसांत मुरत राहिलं.

काकू दारातून हलली. तिने ओकारीवर माती आणून टाकली, ओलं फडकं आणलं आणि धाकट्याचं तोंड पुसलं. घट्ट दाबून, जरा जास्तच जोरात. तो शिव्या द्यायचा थांबला.

*

इस्पितळातून तो परत आला त्या आठवड्यात मंडळींची बैठक भरली. या वेळी व्हरांडा गच्च होता. खिडक्यांतूनही लोक वाकून बघत होते. वहिनीला वाटलं, आता तरी काही होईल. मुकादमाचं बोलतील. औषधवाल्याच्या मागच्या दाराचं बोलतील.

सरपंच म्हणाले, "आधी कपाटाचा विषय घेऊ."

शिपायाने मान खाली घातली. सरपंच बरंच बोलले. पोराचा जीव वाचला याचा सगळ्यांना आनंद आहे. पण उद्या प्रत्येकजण पहार घेऊन कचेरीत शिरला तर? शेवटी शिस्त नावाची गोष्ट असते. वहिनींवर कारवाई करायची नाही, असं आपण मोठ्या मनाने ठरवू. आणि नवं कपाट घेऊ. भक्कम. दोन कुलपांचं. एक किल्ली माझ्याकडे, एक उपसरपंचांकडे, म्हणजे कोणा एकावर भार नको.

"आत काय ठेवणार?" नर्सबाई म्हणाली. या वेळी ती उभी राहिली होती. "दोन्ही फवारे संपले. नवे आलेले नाहीत. मागितलेत. आले की घराघरांत द्या, साहेब. हात जोडते."

"आले की बघू. तोवर कपाट तयार असेल."

सुतारकाका म्हणाले, "माझ्या घरी ठेवा. माझं दार उघडंच असतं."

"तुमच्या घरी? पण तुमच्या घरी आता कोण..." सरपंच बोलता बोलता थांबले. थांबले, पण उशिरा. सगळ्यांना ते ऐकू गेलं होतं.

काकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "हो," ते म्हणाले. "माझ्या घरी आता कोणी नाही."

मुकादमाचा विषय निघालाच नाही. तो स्वतः मागे उभा होता, दाराला टेकून. दोन कुलपांना कोणीतरी अनुमोदन दिलं.

वहिनी घरी आली ती पायांत वहाणा आपटत. मनगटाच्या टाक्यांना ठणका लागला होता. अंगणात थोरला आणि धाकटा खांब फिरवत होते, म्हणजे थोरला फिरवत होता आणि धाकटा नुसता हात लावून उभा होता, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती म्हणून. ते डॉक्टर एकदाचे रजेवरून आले होते. जिभेखालची गोळी सुरू झाली होती, आणि थोरल्याने या वेळी कसलाच प्रश्न विचारला नव्हता. गोळी आणायला दर आठवड्याला शहरात जायचं होतं, बस मिळाली तर.

"काय ठरलं?" थोरल्याने विचारलं.

"नवं कपाट. दोन कुलपांचं."



"दोन?" धाकटा म्हणाला. "म्हणजे आता पडायच्या आधी दोघांच्या घरी जाऊन विचारायला हवं, साहेब, मोकळे आहात का आज दुपारी?"

थोरल्याच्या नाकातून फुर्रकन हसू आलं. मग वहिनीच्या. मग तिघेही हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो, आणि त्या पाण्याचं पुढे काय करायचं ते कोणालाच समजेना. थोरला चेहरा पुसून पाण्याच्या हंड्याकडे गेला आणि तिथेच बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

वहिनीने टोपली ओढली. सकाळपासूनची कामं पडली होती. कपडे तसेच, भांडी तशीच, जळण आणायचं होतं. ती निघणार एवढ्यात धाकटा म्हणाला, "वहिनी."

"काय?"

तो छपराच्या सावलीत खाली बसला होता. गुडघा हलत होता. तो त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी हललाच.

"आज पाठ दुखतेय. आणि ते पण... आठवतंय. सकाळपासून." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "मला एकटं ठेवू नका."

वहिनी उभी राहिली. तिच्या मनात आलं, अशा किती दुपारी? आजची, उद्याची, पावसातल्या, पावसानंतरच्या? कोण बसणार, कोण कामं करणार, नवे फवारे कधी येणार? मुकादम तर समोरच्याच रस्त्याने रोज जाणार. सगळं तोंडाशी आलं होतं. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर, ते समजत नव्हतं. समोर तर नुसता हा होता, मोठे कान असलेला, खरं बोललेला.

तिने टोपली खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.

"कुठे दुखतंय?" तिने विचारलं. "दाखव."